दाबमापक

एकतीस वर्षं मी बॉयलरसमोर उभा होतो.
काचेमागचा काटा, लाल रेघ,
आणि दर तासाला वहीत एक आकडा.
काटा रेघेपाशी गेला की झडप उघडायची,
वाफ किंचाळत निघून जायची,
आणि तिएशीतल्या चारशे घरांत
म्हाताऱ्यांचे पाय रात्रभर उबेत राहायचे.

आता काटा माझ्या दंडावर.
एकशे अडुसष्ट, शंभर.
डॉक्टर शू माझ्या सुनेच्या वयाची.
म्हणाली, "काका, मीठ किती खाता?"
मी म्हणालो, शनयांगचा हिवाळा लांबलचक,
आंबवलेली कोबी काय मी एकटाच खातो?
तिनं गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक.
मग म्हणाली, मैदानात थोंगबाईंकडे जा, छीगोंग शिका.
गोळी चालू ठेवून.
ऐकलंत ना? चालू ठेवून.

थोंगबाई सूतगिरणीत होत्या,
एक कान तिथेच ठेवून आल्या.
हळू बोलणं त्यांना जमत नाही.
"सावकाश श्वास सोडा!" असं त्या ओरडतात
की पॉप्लरवरच्या चिमण्या उडून जातात.

उणे अकरा. मोज्यांत हात.
दोन्ही तळव्यांवर आभाळ उचलायचं,
मग धनुष्य ताणायचं, बाणाशिवाय,
मग मान वळवून मागे बघायचं.
इथे मला दर वेळी चंगलू दिसतो,
माझा धाकटा,
सार्वजनिक न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर,
तोंड एका बाजूला ओढलेलं,
लहानपणी मला वेडावून दाखवायचा तसं.
त्याला आकडा कुणी विचारलाच नव्हता.
मीही नाही.
मी तेव्हा चारशे घरांचा दाब सांभाळत होतो.

पहिला महिना मी नुसती झडप शोधली.
माणसात ती कुठे बसवलेली असते?
"बेंबीखाली तीन बोटं," थोंगबाई गरजल्या.
चाचपून पाहिलं:
पट्ट्याचं बकल, जुन्या ऑपरेशनची शिवण,
आणि लान्फनचं ऐकून घातलेली लोकरीची दुसरी चड्डी.

तरी काहीतरी होत होतं.
शेजारच्या पोरानं जिन्यात सायकल लावली
आणि मी नुसता बाजूनं निघून गेलो.
लान्फननं दारातून डोकं काढून विचारलं,
बरं नाहीये का?

एप्रिलात एकशे अडतीस दिसला.
मी गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यामागे ढकलली.
नऊ दिवस. कुणाला बोललो नाही.
दहाव्या सकाळी एकशे ब्याऐंशी,
आणि कानात ती शिट्टी,
पाणी कमी पडलेल्या बॉयलरची.
डॉक्टर शू काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.
थोंगबाई मात्र अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा:
"दोन पंप चालू असताना
एक बंद करतो का कुणी शहाणा?"
मग थर्मासचं झाकण उघडून
त्यांनी स्वतःची गोळी घेतली.
तीच. तोच पिवळा रंग.

मे महिन्यात आमची चिमणी पाडली.
पोलिसांनी दोरी बांधली, लोक मोबाइल वर धरून उभे.
आमची रांग मैदानात,
शेवटची हालचाल चाललेली:
टाचा उचलायच्या आणि सोडायच्या, सात वेळा.
पाचव्याला भोंगा वाजला.
सहाव्याला सगळ्यांच्या माना वळल्या.
थोंगबाईंना भोंगा ऐकू आला नव्हता.
"सात!" त्या ओरडल्या,
आणि मी एकटाच टाचांवर आलो
तेव्हा जमीन खालून हलली.

धूळ बराच वेळ उभी राहिली,
चिमणीएवढीच उंच, चिमणीच्या जागी.
मग तीही बसली.

घरी येऊन पट्टा बांधला.
एकशे एक्कावन्न.
तसाच लिहिला, पेन दाबून.
शेजारच्या रकान्यात, पूर्वी लिहायचो तसा, शेरा:
बाहेर मोठा आवाज. पुन्हा मोजावे.